पॅरॅलेलेपायपेड कुठे तोडायचा? नवी मुंबईतील बारावीच्या एका वर्गाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ऐरोली परिसरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखेला येणारी बरीच मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. दिवा, कळवा, रबाळे, घणसोली अशा ठिकाणांहून ती येतात आणि अकरावीत सगळे गणित त्यांच्यापुढे एकदम इंग्रजीत उभे राहते. समांतरभुज चौकोनाचा पॅरॅलेलोग्रॅम होतो, लंबाचा परपेंडिक्युलर होतो. यातले बहुतेक शब्द वर्षभरात अंगवळणी पडतात. न पडणाऱ्या शब्दांसाठी आठवड्यातून एक जादा तास असतो. गणिताच्या मॅडम आणि इंग्रजीचे सर तो मिळून घेतात.

बारावीच्या व्हेक्टर्सच्या, म्हणजे सदिशांच्या पाठात पॅरॅलेलेपायपेड (parallelepiped) नावाची एक घनाकृती येते. तिला सहा पृष्ठे असतात, प्रत्येक पृष्ठ समांतरभुज चौकोन असते, समोरासमोरची पृष्ठे समांतर आणि एकरूप असतात. काडेपेटीचे बाहेरचे खोके दोन बोटांत धरून तिरके दाबले की जो आकार होतो, तोच. एका शिरोबिंदूपासून निघणाऱ्या तीन कडा तीन सदिश मानल्या, तर त्यांच्या स्केलर ट्रिपल प्रॉडक्टची (तीन सदिशांच्या, संख्या देणाऱ्या गुणाकाराची) केवळ किंमत म्हणजे या आकृतीचे घनफळ, आणि त्याचा एक षष्ठांश म्हणजे त्याच तीन सदिशांवरच्या टेट्राहेड्रॉनचे, चार त्रिकोणी पृष्ठांच्या आकृतीचे, घनफळ. हे गणित मुलांना जमत होते. तीन ओळींचा निश्चयक (डिटर्मिनंट) मांडायचा, सोडवायचा, ऋण आला तर चिन्ह सोडायचे. अडले ते आकृतीच्या नावापाशी.

अडचण

पहिले लक्षण तोंडी परीक्षेच्या सरावात दिसले. ‘हे कशाचे घनफळ?’ असे विचारले की मुले एक तर गप्प बसत किंवा ‘पॅर्लेलोपाइप्ड’ असे काहीतरी घाईने उरकत. आडव्या प्रश्नात एका मुलीने विचारले, “मॅडम, पॅरॅलेलेपायपेडचा फॉर्म्युला वेगळा असतो का? क्लासच्या व्हिडिओत तसं म्हणतात.” वर्गात ऐकलेला शब्द आणि व्हिडिओतला शब्द तिला दोन निराळ्या आकृतींची नावे वाटत होती. चौकशी केल्यावर असे समजणारी ती एकटी नाही, हेही कळले. इथे उच्चाराचा प्रश्न गणिताचा झाला.

दुसरे लक्षण वह्यांत होते. अनेकांनी शब्द ओळीच्या मधोमधसुद्धा ‘पॅरॅलेलो’, मग आडवी रेघ, मग ‘पाइप्ड’ असा जोडशब्दासारखा लिहिला होता.

शब्दाचे ठोके, म्हणजे बोलताना एकेका स्वरासरशी पडणारे तुकडे (सिलॅबल), मोजले की उच्चार कुठे मोडतो ते स्पष्ट होते. इंग्रजीत या शब्दाचे ठोके सहा: पॅ-रॅ-ले-ले-पाय-पेड. मुले म्हणत होती पॅर्-ले-लो-पाइप्ड, म्हणजे चार. हे दोन ठोके दोन वेगवेगळ्या कारणांनी गळतात.

पहिली गळती आपल्या वाचनाच्या सवयीतून येते. मराठीत शब्दाच्या मध्ये आलेला अ दोन स्वरांच्या बेचक्यात सापडला की आपण तो गिळतो. ‘पारले’ लिहिलेले आपण ‘पार्ले’ वाचतो, ‘बोलणे’ लिहिलेले ‘बोल्णे’. मुलांनी वहीत समासात ‘पॅरलेलो...’ असे देवनागरीत उतरवून घेतले होते आणि तसे लिहिल्यावर तोंडून ‘पॅर्लेलो’ येणारच. दुसरी गळती इंग्रजी वाचनाच्या अर्ध्या ज्ञानातून येते. शेवटची पाच अक्षरे पी-आय-पी-ई-डी अशी दिसली की ती नळाच्या पाइपला लागलेल्या भूतकाळी प्रत्ययासारखी वाटतात, आणि ‘पाय-पेड’ या दोन ठोक्यांचा ‘पाइप्ड’ हा एक ठोका होतो. वास्तविक तिथे प्रत्यय नाही. ग्रीक ‘पेदोन’ म्हणजे जमीन, त्याचा तो उरलेला भाग आहे.

समोर आलेले पर्याय

सर आणि मॅडम यांच्यापुढे मुख्यतः चार वाटा होत्या.

सर्वांत सोपी वाट म्हणजे शब्द टाळणे. ‘सॉलिड’ म्हणायचे आणि पुढे जायचे. मॅडमचा याला ठाम विरोध होता: प्रश्नपत्रिकेत शब्द येणारच, आणि तिथे तो ओळखू आला नाही तर येत असलेले गणितही हातचे जाईल. त्यांचे म्हणणे बरोबर होते.

दुसरी वाट देवनागरी अक्षरे मोजण्याची. मुलांना लघु-गुरू पाडण्याची ओळख असते, म्हणून ही आधी सुचली. पण ‘पॅरॅलेलेपायपेड’ची लिखित अक्षरे आठ होतात: पॅ, रॅ, ले, ले, पा, य, पे, ड. त्यातले ‘य’ आणि ‘ड’ बोलताना मागच्या अक्षराला चिकटतात, त्यांचा स्वतंत्र ठोका होत नाही. वृत्तात मोजायचे अक्षर आणि तोंडातला ठोका या दोन गोष्टी आहेत. वृत्ताची पद्धत जशीच्या तशी लावली असती, तर सहाच्या जागी आठचा आकडा मुलांच्या डोक्यात बसला असता.

तिसरी वाट कोशातले तुकडे फळ्यावर उतरवण्याची. यात एक अडचण आहे, ती इंग्रजी शिकवणाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. काही अमेरिकन कोश मुख्य शब्दात जे ठिपके देतात, ते ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडता येईल हे सांगणारे असतात. ठोके उच्चाराच्या कंसात वेगळे दिलेले असतात. या शब्दाचे ठिपक्यांनी पाच तुकडे आणि उच्चारात सहा ठोके दाखवणारे कोश आहेत, कारण एकटा स्वर ओळीच्या टोकाला लटकू नये म्हणून ‘एपि’ अखंड ठेवलेला असतो. ठिपके मोजून ‘पाच’ असे शिकवले असते, तर नवी चूक छापील पुराव्यानिशी रुजली असती.

चौथी वाट अर्थाच्या घटकांनी तोडण्याची: पॅरॅलेल, एपि, पेड. हिच्यात स्पेलिंगचे कारण मिळते. ठोके मात्र सगळे मिळत नाहीत.

निर्णयाचा पहिला टप्पा: तीन कामे, तीन तुकडे

सरांनी इथे जो निर्णय घेतला, तो या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा. शब्द ‘योग्य रीतीने’ कसा तोडायचा, हा प्रश्नच त्यांनी बाजूला ठेवला आणि कशासाठी तोडायचा ते आधी ठरवले. बोलण्यासाठी, स्पेलिंग लक्षात राहण्यासाठी आणि छपाईत ओळ मोडण्यासाठी, असे तीन निरनिराळे तुकडे त्यांनी तीन निरनिराळ्या वेळी शिकवायचे ठरवले. एकाच फळ्यावर तिन्ही एकदम मांडायचे नाहीत, हेही ठरले.

बोलण्यासाठी

आधी लिहिण्याची पद्धत बदलली. ‘र’ न लिहिता ‘रॅ’ लिहायचा आणि ठोक्यांमध्ये उभी रेघ मारायची: पॅ । रॅ । ले । ले । पाय । पेड. इंग्रजीतला दुसरा स्वर खरे तर ‘रॅ’इतका उघडा नाही, तो आपल्या अ-जवळ जातो. पण ‘र’ लिहिला की मराठी जीभ तो गिळते, ‘रॅ’ लिहिला की गिळत नाही. थोडा जाड उच्चार झाला तरी चालेल, ठोका पडता कामा नये, अशी ही तडजोड आहे आणि ती योग्य वाटते.

मग शब्द शेवटाकडून बांधला. ‘पेड’, मग ‘पायपेड’, मग ‘लेपायपेड’, असे एकेक ठोका पुढून जोडत पूर्ण शब्दापर्यंत जायचे. सुरुवातीपासून म्हणायला लावले की मुले ‘पॅरॅलेल’पर्यंत जोरात जातात आणि ओळखीचा भाग संपला की उरलेला गिळतात. शेवटापासून बांधल्यास सर्वांत कठीण भाग सर्वांत जास्त वेळा तोंडातून जातो. सहा ठोक्यांना सहा टाळ्या आणि पाचवी, ‘पाय’वरची, जोरात, कारण मुख्य आघात तिथे आहे. मराठीत असा आघात अर्थ बदलत नाही, त्यामुळे मुले सगळे ठोके सारख्याच वजनाने म्हणतात. तसे म्हटले तरी शब्द ओळखू येतो, म्हणून आघातासाठी अडवून धरले नाही. ‘पाय’ आणि ‘पेड’ वेगळे ऐकू येणे मात्र सक्तीचे केले.

याच शब्दाचा आणखी एक उच्चार कोशांत आहे: दुसऱ्या ‘ले’वर आघात आणि पुढे ऱ्हस्व ‘पि’, म्हणजे पॅ-रॅ-ले-ले-पाय-पेड नव्हे, तर पॅ-रॅ-ले-ले-पि-पेड. ग्रीक घटकांच्या तो अधिक जवळ जातो. वर्गात म्हणण्यासाठी ‘पाय’वाला उच्चार निवडला, कारण व्हिडिओंत मुलांच्या कानावर तोच पडत होता. दुसरा एकदा म्हणून दाखवला, तोही वेगळ्या आकृतीचे नाव वाटू नये एवढ्यासाठी. ठोके दोन्हींत सहाच.

स्पेलिंगसाठी

इथे मराठी माध्यमाची मुले वरचढ ठरली, कारण संधी त्यांना येते.

मूळ ग्रीक घटक असे: ‘पारा’ म्हणजे शेजारी, ‘आल्लेलोन’ म्हणजे एकमेकांच्या, ‘एपि’ म्हणजे वर आणि ‘पेदोन’ म्हणजे जमीन. पहिल्या दोहोंतून ‘समांतर’ हा अर्थ आला, पुढच्या दोहोंतून ‘सपाट पृष्ठ’. ग्रीकमध्ये पूर्ण शब्द सात ठोक्यांचा आहे, पा-राल्-ले-ले-पी-पे-दोन. इंग्रजीने शेवटचा ‘ओन’ टाकला आणि सहा उरले. युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’च्या अकराव्या खंडात या आकृतींवर प्रमेयांची एक सलग माळच आहे.

आता मधल्या स्वराचे काय? पॅरॅलेलोग्रॅममध्ये ‘ओ’ आहे, तर इथे ‘ई’ का? सरांनी फळ्यावर ‘एक + एक = एकेक’ लिहिले. पररूप संधी: पहिल्या शब्दाचा शेवटचा स्वर जातो, दुसऱ्याचा पहिला राहतो. ‘ग्रॅम’ व्यंजनाने सुरू होतो, म्हणून त्याच्या आधी जोडस्वर ‘ओ’ टिकतो. ‘एपि’ स्वराने सुरू होतो, म्हणून ‘ओ’ जातो आणि ‘एपि’चा ‘ए’ राहतो. ‘पॅरॅलेल्’मधला पाय मोडका ‘ल्’ त्या ‘ए’ला जाऊन मिळतो आणि बोलताना ‘ले’ होतो. बोलण्याचे तुकडे आणि अर्थाचे तुकडे एका वर्णाने का सरकतात, याचे उत्तर या एका ओळीत मिळते.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, मग पुस्तकात ओ कसा?” आपल्याकडच्या बऱ्याच गणिताच्या पुस्तकांत ‘ओ’ असलेले रूप छापलेले असते, त्यामुळे हा प्रश्न येणारच होता. तेच उदाहरण पुढे नेले: ‘नदी + आत = नदीत’ यात पूर्वरूप होते, पहिल्याचा स्वर राहतो आणि दुसऱ्याचा जातो. ‘ओ’ राहिला आणि ‘एपि’चा ‘ए’ गेला, की तेच पुस्तकातले रूप तयार होते. मात्र त्यात ‘एपि’ ओळखू येत नाही, ‘पि’ आणि ‘पेड’ जवळ येऊन ‘पाइप्ड’सारखे दिसू लागतात, आणि सगळ्या चुकीची सुरुवात तिथून होते.

निर्णयाचा दुसरा टप्पा: ‘ओ’ चूक म्हणायचा का?

इंग्रजीच्या सरांचा कल सुरुवातीला ‘ई’ सक्तीचा करण्याकडे होता. मॅडमनी मंडळाच्या परीक्षेची बाजू मांडली: मूल पुस्तकात पाहून लिहिते, त्याला पुस्तक चुकीचे आहे असे सांगितले तर ते परीक्षेत अडखळते. इतिहासही सरळ नाही. १५७० साली हेन्री बिलिंग्जली यांच्या युक्लिडच्या इंग्रजी भाषांतरात हा शब्द आला तेव्हा त्या जागी ‘आय’ होता. ‘ई’ असलेले आजचे रूप १६६३ मधल्या एका इंग्रजी पुस्तकात सापडते. पुढे चार्ल्स हटन यांच्या १७९५ च्या गणितकोशात ‘ओ’ आहे आणि नोआ वेबस्टर यांच्या १८०६ च्या कोशातही ‘ओ’ आहे. म्हणजे हे ‘ओ’चे रूप आपल्या छपाईवाल्यांची चूक नसून इंग्रजीतूनच चालत आलेले आहे.

शेवटी ठरले ते असे: उत्तरपत्रिकेत पाठ्यपुस्तकातले रूप लिहावे, कोशात किंवा संगणकावर शोधताना ‘ई’चे रूप टाकावे, आणि बोलताना चौथा ठोका ‘ले’ असो की ‘लो’, त्यापुढे पाय-पेड यायलाच हवे. या नियमात दोन्ही रूपे सहा ठोक्यांचीच राहतात. भाषाशुद्धीचा आग्रह इथे सोडला हे योग्यच झाले. मुलीच्या मनात दोन आकृती होत्या, त्यांची एक करणे हे काम होते.

ओळ मोडण्यासाठी

वह्यांतली आडवी रेघ कुठून आली याचा माग सरावपत्रिकेत लागला. पत्रिका ए-फोर कागदावर दोन स्तंभांत, नौपाड्यातल्या एका डीटीपीच्या दुकानात वर्डमध्ये केलेली होती. स्तंभ अरुंद, शब्द चौदा अक्षरांचा, ओळीच्या शेवटी मावेना. म्हणून शब्दात हाताने साधा हायफन मारला होता, तोही ‘ओ’नंतर. पुढे प्रश्नात दोन शब्द वाढले, मजकूर सरकला, शब्द ओळीच्या मध्यभागी आला आणि हायफन तिथेच राहिला. मुलांनी छापले तसे उतरवले.

दुरुस्ती अशी केली. ‘शोधा आणि बदला’ने सगळे साधे हायफन त्या शब्दातून काढले. मग कंट्रोल दाबून मुख्य कीबोर्डवरच्या हायफनने ऐच्छिक हायफन घातला. हा फक्त शब्द ओळीच्या शेवटी तुटला तरच छापला जातो, एरवी अदृश्य असतो. उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीवरचे वजाचिन्ह वापरायचे नाही, कारण कंट्रोलसोबत त्याने वर्डमध्ये लांब रेघ उमटते. कंट्रोल आणि शिफ्टसोबत हायफन दाबला तर वर्डमध्ये न तुटणारा हायफन येतो, म्हणजे नेमके उलटे. आणि तीच जोडी इनडिझाइन या पाने मांडायच्या प्रणालीत ऐच्छिक हायफन देते. दोन्ही प्रणालींवर काम करणाऱ्या माणसाची इथे हमखास गल्लत होते. तपासायला कंट्रोल-शिफ्ट-आठने अदृश्य खुणा दाखवायच्या. ऐच्छिक हायफन खाली वळलेल्या छोट्या आडव्या काठीसारखा दिसतो.

तोडायची जागा एकच ठेवली: आठव्या अक्षरानंतर, ‘पॅरॅलेल’ पूर्ण झाल्यावर. तुकडे पी-ए-आर, ए-एल, एल-ई-एल, ई, पी-आय, पी-ई-डी असे पाडता येतात, पण त्या प्रत्येक सांध्यावर ओळ मोडणे शहाणपणाचे नाही. एकट्या ‘ई’नंतर तोडले की पुढच्या ओळीची सुरुवात पुन्हा ‘पाइप्ड’सारखी दिसते. आठव्या अक्षरानंतर तोडले तर वर ओळखीचा पूर्ण शब्द राहतो आणि खाली ‘एपि’ शाबूत राहतो. ‘ओ’च्या रूपातही तीच जागा ठेवली, कारण तिथेही ‘ओ’ खालच्या ओळीत गेलेला बरा.

सूत्राशेजारी मात्र शब्द तोडायचाच नाही असे मॅडमनी सांगितले. सदिशांच्या पानावर ओळीच्या टोकाची आडवी रेघ वजाचिन्ह म्हणून वाचली जाऊ शकते. तिथे वाक्य फिरवायचे किंवा स्तंभ एकच करायचा.

निष्पत्ती

पुढच्या काही तासांत तोंडी सरावात बहुसंख्य मुले सहा ठोक्यांत शब्द म्हणू लागली. ‘पाइप्ड’ पूर्ण गेला नाही. घाईत, विशेषतः निश्चयक सोडवता सोडवता बोलताना, तो परत येतो. नवीन पत्रिका वाटल्यावर वह्यांतली आडवी रेघ मात्र थांबली, आणि हा बदल सर्वांत लवकर झाला.

पद्धत दुसऱ्या शब्दांवर चालते का, हे पाहण्यासाठी मुलांना न शिकवलेले शब्द दिले. टेट्राहेड्रॉन चार ठोके, डोडेकाहेड्रॉन पाच. दोन्हीकडे अर्थाचा सांधा आणि बोलण्याचा सांधा ‘हे’च्या आधी एकाच जागी येतो, त्यामुळे ते पटकन जमले. मग हौस म्हणून ऱ्हॉम्बिकोसिडोडेकाहेड्रॉन दिला, ऱ्हॉम्-बि-को-सि-डो-डे-का-हे-ड्रॉन, नऊ ठोके. बासष्ट पृष्ठांची आकृती: वीस त्रिकोण, तीस चौरस, बारा पंचकोन. तो शेवटाकडून बांधताना वर्ग अगदी रंगला. ‘ऱ्हॉम्बिक्-’ असे तोडून पुढचा ‘ओ’ वेगळा करणारी मुले होती आणि ‘ऱ्हॉम्बि-’ म्हणून थांबणारीही होती. ‘आयकोसि’ म्हणजे वीस हा घटक आधी ओळखीचा असता तर हा गोंधळ झाला नसता.

काय वेगळे करता आले असते

पत्रिका आधी तपासायला हवी होती. उच्चारावर दोन तास खर्च झाले तरी मुलांच्या डोळ्यांसमोर चुकीचा तुटलेला शब्द तसाच होता. हाच क्रम पुन्हा करायचा झाल्यास पहिल्या दिवशी छपाई दुरुस्त करावी आणि मग टाळ्या.

पॅरॅलेलोग्रॅम आणि ही घनाकृती एकाच तासाला शेजारी ठेवून शिकवता आली असती. ‘ओ’ तिथून उसना येतो, हे मुलांनी दोन्ही स्पेलिंगे पाहून स्वतः शोधले असते, आणि संधीचे उदाहरण द्यायलाही तीच वेळ सर्वांत सोयीची होती.

मॅडमनी सूत्र सांगताना शब्द दरवेळी पूर्ण म्हणण्याचे ठरवले होते. अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईत फळ्यावर ‘व्हॉल्यूम ऑफ पी.पी.’ असे आखूड लिहिणे सुरू झाले आणि मुलांनी लगेच तेच उचलले. वर्ष संपेपर्यंत फळ्यावरचे लघुरूप बंद ठेवायला हवे होते. निदान तोंडी परीक्षा होईपर्यंत तरी.

मुलांचे सुरुवातीचे उच्चार मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले नव्हते, त्यामुळे कोणाचा कोणता ठोका कशामुळे गळत होता हे नंतर वेगवेगळे काढता आले नाही. मधला ‘र’ गिळणाऱ्याला ‘रॅ’चा सराव लागतो आणि ‘पाइप्ड’ म्हणणाऱ्याला शेवटाकडून बांधणीचा. दोघांना सारखाच सराव देण्यात वेळ गेला. पुढच्या तुकडीसाठी प्रत्येकाकडून एकच वाक्य, घनफळाच्या सूत्राचे, पाठ सुरू होण्याआधी म्हणवून नोंदवून ठेवायचे ठरले आहे.